शकूमावशीचं पितळ

ओमानमधल्या एका पोराने गेलेल्या माणसावर लेख लिहिलाय म्हणल्यावर तुम्ही तयारीत बसला असाल... आता वाळवंट येणार, उंट येणार, परक्या मुलखात एकटं पडलेलं कोणीतरी येणार आणि शेवटी आईच्या हातची भाकरी. त्यात मी सांगितलं की ह्या लेखात एक बंदूक आहे, की तुम्ही खुर्ची अजून पुढे ओढाल. गोळी कुणाला लागली? आधीच सांगून टाकतो, कुणालाच नाही. उंट मी स्वतः इथे जास्त करून पिकअपमध्ये बसून फिरायला चाललेलेच बघितलेत. आणि शकूमावशी हृदयाच्या झडपेने गेली, मस्कतच्या हॉस्पिटलात, एसी चालू, अंगावर शाल, उशाशी अप्पा. म्हणजे तुम्हाला हवं तसं काहीच होणार नाहीये. आता वाचायचं तर वाचा.

बातमी आली तेव्हा मी इब्राच्याच, म्हणजे मावशीच्या गावाच्या, रस्त्याला होतो. आमच्या कंपनीचं गोडाऊन मस्कतमध्ये, वादी कबीरला. शर्कियाकडच्या, म्हणजे पूर्वेकडच्या भागातल्या गॅरेजांना फिल्टर, बेल्ट, बेअरिंग पोचवायचं काम माझं, त्यामुळे दर आठवड्याला ही चक्कर असतेच. अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे मावशीचे मिस्टर. ते कधी फोन करत नाहीत, सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. ते म्हणाले, "ओंकार, गाडी बाजूला घे." एवढं बोलून थांबले. खरं सांगतो, मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझीच नक्कल मलाच ऐकवतंय. कारण अप्पांचा हा आवाज, हळू, एकेक शब्द फडक्याने पुसून मांडल्यासारखा, मी इतक्या जणांना काढून दाखवलाय की ओरिजिनल आता मला डुप्लिकेट वाटतो. गाडी बाजूला घेतली. त्यांनी सांगितलं. मग आम्ही दोघं नुसते फोन धरून बसलो. ट्रक शेजारून गेला की व्हॅन हलायची... शेवटी तेच म्हणाले, जेवून घे हो वेळेवर.

त्याला आता काही आठवडे झाले, पण मी एका जागी बसत नाही. बसलो तर हात बसत नाही. गॅसचा सिलिंडर, चहाचा ग्लास, जिन्याचा कठडा, गोडाऊनमधलं बेअरिंग, जे दिसेल ते नखाने वाजवतो आणि कान लावतो. रूमवर रफिक असतो, रत्नागिरीकडचा, सुतारकाम करतो. तो परवा वैतागून म्हणाला, "सारखा काय वाजवत बसलंस मेल्या, डोक्यात गेला तो आवाज माज्या." त्याला काय सांगू? हा रोग मला मावशीने लावलाय.

मी जुन्नरचा. शाळेत माझा नंबर कधी आला नाही, पण हेडमास्तरांच्या आवाजात माईकवरून शाळा सोडून दिल्याचा पराक्रम अजून माझ्या नावावर आहे. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीत मंडळातल्या लोकांनी मला स्टेजवर ढकललं. मी सगळं केलं. इमिग्रेशनचा ऑफिसर, पुण्याच्या काकू, मल्याळी सुपरवायझर, आणि शेवटी आरतीच्या आधी देवळातली घंटा. टाळ्या पडल्या. मी घाम पुसत मागे आलो तर एक बुटक्या बाई, चष्मा कपाळावर, पदर खोचलेला, माझी वाटच बघत उभ्या. म्हणाल्या, बाकी बरं होतं, घंटा चुकली. मी म्हणलं, घंटा कशी चुकेल काकू? त्यांनी टेबलावरचा पितळी समईचा दांडा उचलला, चमच्याने एक टोला दिला आणि माझ्या कानाशी धरला. "ऐक. तू आवाज संपवतोस. पितळेचा आवाज संपत नाही, तो निघून जातो." समईचा आवाज निघून जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे. मग म्हणाल्या, काकू नको, मावशी म्हण, आणि अहोजाहो केलंस तर जेवायला वाढणार नाही.

मावशी पुण्याच्या तांबट आळीतली. तिथे जन्मलेल्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात म्हणायची, एक कान आणि दुसरी ओरडून बोलायची सवय, कारण दिवसभर ठोक्यांवरून बोलावं लागतं. वडील तांब्यापितळेची भांडी घडवायचे. हातोडी अर्थातच भावाची. पण भाऊ क्रिकेटला पळायचा आणि ऑर्डरी तर अंगावर आलेल्या असायच्या, मग वडील दुकानाचं दार लोटून घ्यायचे आणि शकूला बसवायचे. तिने मठारलेले बंब, घागरी, सगळ्या भावाच्या हातच्या म्हणून विकल्या गेल्या. पुढे लग्न झालं, अप्पांची नोकरी ओमानला, भावाने दुकान बंद केलं, हातोड्या भंगारात गेल्या. "माझ्या हातची एवढी भांडी पुण्यात आहेत आणि त्यातलं एक मला बोट ठेवून दाखवता येत नाही," हे वाक्य ती कधी डोळे पुसत नाही म्हणाली. प्रत्येक वेळी चिडूनच म्हणाली, जसं काल घडलंय.

अप्पा इब्राला एका पंपाच्या कंपनीत अकाउंट्स बघायचे. एका टेलरच्या दुकानावर त्यांचा फ्लॅट. मुलगी मीरा कॅनडात. अप्पा बसले की बसले, आणि मावशी बसतच नाही. मी डिलिव्हरी उरकून जेवायला गेलो की दर वेळी सोफा वेगळ्या भिंतीला. पिठलं ढवळता ढवळता ती खिडकीतून खाली कोणाची गाडी नीट चालू होत नाही ते सांगायची. मला तिचं हे एवढं आवडायचं की मी मुद्दाम एक एक आवाज पाठ करून न्यायचो आणि ओळखायला लावायचो. कुठल्या गॅरेजचं शटर, कुठल्या लॉरीचा ब्रेक. हरायची नाही. हरली तर माझी नक्कल चुकली म्हणायची.

सैफबाबाची ओळखही अशीच कानाने झाली. इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एका बोळात त्याचं दुकान, खंजीर आणि चांदीच्या मुठी दुरुस्त करायचं. मावशी भाजी घेऊन चालली होती, आतून ठोके आले, आणि ती पिशवीसकट आत शिरली. मागोमाग अप्पा, त्यांच्या मागे मी. आत पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पितळेची एक नळी लोखंडी साच्यात ठोकत होता. मावशी हिंदीत म्हणाली, भाईसाब, ठंडा पितळ मार रहे हो, फटेगा. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. अजून दोन ठोके दिले आणि नळी चिरली. त्याने ती उचलली, बघितली, आणि मावशीकडे असं बघितलं की जणू हिनेच नजर लावली. त्याची हिंदी जुन्या काळची, मुंबईच्या बंदरातून शिकलेली. "तुम बर्तन बनाता है," तो म्हणाला, "ये बंदूक का चीज है." मावशी म्हणाली, पितळेला कोणी सांगितलंय का ते?

ती बंदूक भिंतीला टेकून उभी होती. लांबलचक, लाकूड घासून काळं झालेलं, खाली एक लोखंडी कडी, ती ओढली की मागचा भाग उघडतो. सैफबाबाच्या वडलांची. इकडे लग्नात पुरुषांची रांग उभी राहते, ढोल, तलवारी उडवणं, आणि मधूनच अशा जुन्या बंदुकी आभाळाकडे धरून नुसता बार काढतात. त्यात गोळी नसते, फक्त दारू आणि बोळा. सैफबाबाच्या घरात प्रत्येक लग्नाला हीच बंदूक बोलली होती. पण तिची पितळी केस, म्हणजे ज्यात दारू भरतात ती बाटलीच्या आकाराची नळी, ती आता कोणी बनवत नाही. बार काढायचा, तीच केस परत भरायची, असं करत करत असलेल्या सगळ्या फाटत आल्या. मागच्या लग्नात एक केस दगा देऊन गेली. मागून फुस्स करून जाळ आला आणि सैफबाबाची एक भुवई गेली. तेव्हा त्याच्या मुलांनी ठरवलं की खलास, ही बंदूक आता भिंतीवर, काचेच्या पेटीत. म्हातारा म्हणाला, नातवाचं लग्न होऊ दे, हिवाळ्यात आहे. मुलगे म्हणाले, ठीक आहे, त्या लग्नात जर फुस्स झालं तर मग पेटी. आणि हे ऐकून शकूमावशीने भाजीची पिशवी खाली ठेवली.

कायदा विचारणारे वाचक असतात म्हणून सांगतो, बंदूक, परवाना, दुकान, दारू सगळं सैफबाबाचं. दारूला मावशीने बोटसुद्धा लावलं नाही. तिचं काम रिकाम्या पितळेचं. दर आठवड्याला ती, अप्पा आणि थर्मास असे तिघं दुकानात जायचे. अप्पा दारात स्टुलावर बसून फोनवर पेपर वाचायचे, म्हणजे कोणाला नावं ठेवायला जागा नको. सैफबाबा तिला उम्म मीरा म्हणायचा, मीराची आई. इकडे आदराने तसंच म्हणतात. मावशीला ते भारी आवडायचं. आयुष्यभर अप्पांची बायको आणि अमक्याची बहीण झाले, म्हणायची, हे जरा बरं आहे.

पहिली अडचण, नमुनाच नाही. सैफबाबाकडच्या केसा फाटून, ठोकून, परत गोल करून अशा झाल्या होत्या की मूळ आकार कुठला ते बंदुकीलाच माहीत. मावशीने तो बायकांच्या बाजारात शोधला. इब्राला बुधवारी बायकांचा सूक भरतो, तिथे विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषाला आत सोडत नाहीत. मी गेटबाहेर व्हॅन लावून बसलो. बसलो म्हणजे काय, चकरा मारल्या. आत तिचं काय चाललंय ते दिसेना. एक म्हातारी हाताने मला हाकलत होती, मी दोन पावलं मागे जायचो, ती वळली की पुढे. ऊन डोक्यावर, गॅरेजवाले फोनवर फोन, आणि मावशी आत गायब. शेवटी आली ती मूठ आवळून. उघडली तर चामड्याचं टोपण शिवलेली, मण्यांची झालर लावलेली एक सुरमेदाणी. मी म्हणलं, ह्याच्यासाठी मी तापलो? तिने झालर वर करून बूड दाखवलं. काडतुसाची केस. पूर्वी बार काढून पडलेल्या चांगल्या केसा बायका उचलायच्या आणि त्यात सुरमा भरायच्या. मावशीची बोटं काळी झाली होती आणि ती खूश होऊन तीच बोटं माझ्या शर्टाला पुसत होती.

सैफबाबाने ती हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली. मग टोपण काढून तोंड ओठाला लावलं आणि फुंकर मारली. शिट्टी वाजली, जाड, लांबवर जाणारी. लहानपणी डोंगरात बकऱ्यांना अशीच बोलवायचो, म्हणाला. मी लगेच तोंडाने ती शिट्टी वाजवून दाखवली, तर म्हातारा इतका हसला की दाढीतून दात दिसले. मावशीला मात्र धीर कुठला. ती म्हणाली, यल्ला, चला, बकऱ्या नंतर.

आता हे पितळ बाटलीच्या आकारात आणायचं म्हणजे काय, ते मी शेजारी उभा राहून शिकलो, तुम्ही शिकू नका. छऱ्याच्या बंदुकीच्या नव्या, रिकाम्या पितळी नळ्या सैफबाबाने त्याच्या परवान्यावर आणवल्या. त्याच्याच भाच्याने लेथवर सुरमेदाणीच्या मापाचा पोलादी साचा करून दिला. नळीच्या तोंडाला ताव द्यायचा, म्हणजे ते लाल तापवायचं, थंड करायची, साच्यात थोडी दाबायची, काढायची, परत ताव. मावशीचं म्हणणं, पितळ मार खाऊन ताठ होतं, माणसासारखंच, मग शेक दिल्याशिवाय वाकत नाही, चिरतं. सैफबाबाचं म्हणणं, जास्त शेकलं तर मऊ पडेल आणि बंदुकीत चिकटून बसेल. दोघंही बरोबर, आणि दोघंही ऐकायला तयार नाहीत. मावशी ठोक्यांवरून ओरडल्यासारखी मराठीत ओरडायची, सैफबाबा अरबीत, आणि अप्पा मधूनच "चहा घ्या" म्हणायचे. पहिल्या नळ्यांच्या मानेला चुण्या पडल्या, जुन्या बायकांच्या ब्लाउजच्या बाहीसारख्या. मग काही चिरल्या. मावशी प्रत्येक नळी दोऱ्याला टांगून चमच्याने वाजवायची. चांगलीचा आवाज निघून जायचा, चिरलेलीचा तिथल्या तिथे मरायचा. माझं काम दोन्ही आवाज तोंडाने करून सगळ्यांना हसवायचं, आणि ते मी चोख केलं.

हे सगळं चालू असताना ती जिन्यात थांबायला लागली होती. आधी म्हणायची चप्पल निघाली. मग म्हणायची खालच्या टेलरची मशीन ऐकतेय, पट्टा सैल आहे. मस्कतच्या डॉक्टरने सांगितलं, झडप बदलायला हवी, लगेच ऍडमिट व्हा. ती म्हणाली, इन्शाल्ला, लग्न झाल्यावर. डॉक्टरला वाटलं घरातलंच लग्न. अप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझं ऐकेल ती. मी काय करणार? मी डॉक्टरच्या आवाजात तिला फोन केला, एकदम कडक इंग्लिशमध्ये. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, डॉक्टरसाहेब, जेवायला येताय ना, आज मटकीची उसळ आहे. त्या दिवशी जेवताना मी तिला सरळच विचारलं, मावशी, म्हाताऱ्याच्या बंदुकीसाठी तू जीव का टांगून ठेवतेस? ती पोळी लाटत होती. "बंदुकीचं त्याचं तो बघेल," ती म्हणाली. "माझ्या हातचं एक काहीतरी असं पाहिजे रे, की ते कोणाचं म्हणून विचारलं तर माझं नाव निघेल. आणि ते फुटता कामा नये."

शेवटी काही केसा जमल्या. चांगल्या वाजणाऱ्या, आत-बाहेर सुळकन जाणाऱ्या. सैफबाबाने त्यातली एक बंदुकीत घालून, कडी ओढून, परत काढून, असं पुन्हा पुन्हा केलं आणि नुसता हं म्हणाला. मावशीला तेवढं पुरलं. ती घरी आली, केस विंचरले, सोफ्यावर बसली, आणि अप्पांना म्हणाली की आता जरा मला घेऊन चला. लग्नाच्याच आठवड्यात ती मस्कतला ऍडमिट झाली. मी भेटायला गेलो तर मला तिने ऑर्डर दिली. तू लग्नाला जायचंस. कान उघडे ठेवायचे आणि तोंड बंद. बार झाला की केस उचलून थेट माझ्याकडे आणायची. बाकी कोणाच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.

लग्न इब्राच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या दगडी मैदानात. दुपार कलली होती. पांढऱ्या डिशडाशांच्या, म्हणजे पायघोळ झग्यांच्या रांगा, ढोल, तलवारी वर उडून खाली येतायत, आणि मी इस्त्रीच्या शर्टात, हातात हलव्याची वाटी. सैफबाबाचे मुलगे माझ्या शेजारीच. थोरला सारखा कमरेचा खंजीर सरळ करत होता. ढोल थांबले. म्हातारा रांगेतून पुढे आला. त्याने केस आत घातली, कडी बंद केली, टक्. बंदूक डोंगराकडे वर धरली. थोरल्याने डोळे मिटून घेतले आणि माझा हात धरला, इतका घट्ट की हलवा माझ्या बाहीवर सांडला. आणि मग बार. मी आजवर ऐकलेले सगळे फटाके त्याच्यापुढे टिचक्या. तो आधी छातीत लागला, मग कानात, मग डोंगरावर जाऊन आपटून परत आला. धुरातून सैफबाबा तसाच उभा. दुसरी भुवई जागच्या जागी. त्याने कडी ओढली, केस उडाली, दगडावर पडली आणि तीन उड्या मारत माझ्या बुटापाशी आली. मी उचलली, बोटं भाजली, खिशात टाकली, मांडी भाजली. सैफबाबा माझ्याजवळ आला, खांद्यावर बंदूक. म्हणाला, "उम्म मीरा को बोलो, ये दीवार पे नहीं जाएगा." थोरल्या मुलाने डोळे उघडले. त्याने नुसता माझा हात सोडला.

मी तसाच थेट हॉस्पिटलला गेलो असतो, पण मस्कतला पोचेपर्यंत भेटीची वेळ संपली होती. म्हणून रूमवर गेलो. रात्रभर कूस बदलली, सकाळी उठून ती केस टेबलावर ठेवून बघितली. काळीमिट्ट. तोंडाशी काजळी, अंगावर काजळी. आता तुम्हीच सांगा. आमच्या घरी आई बिनघासलेलं तांब्यापितळेचं भांडं शेजारणीकडेसुद्धा पाठवत नाही. आणि मी तांबटाच्या मुलीकडे, आजारी माणसाकडे, तिच्या नावाचं पहिलं पितळ असं काळं घेऊन जाऊ? रफिकच्या डब्यातली चिंच घेतली, मीठ घेतलं, आणि घासलं. असं घासलं की त्यात माझं नाक दिसायला लागलं. रुमालात गुंडाळून हॉस्पिटलात पोचलो. अप्पा उशाशी, मावशी उशीला टेकून. चेहरा बारीक झालेला, पण डोळे दारावर. मी रुमाल उघडून केस तिच्या तळहातावर ठेवली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

ती बघतच राहिली. उलटी केली, सुलटी केली. मग हळूच विचारलं, हे काय केलंस? मी म्हणलं, चिंच. तिने डोळे मिटले. मला वाटलं दुखतंय. अप्पा उठले. पण ती चिडली होती, आणि चिडायला तिच्याकडे दम कमी होता, म्हणून थांबून थांबून चिडत होती. "गाढवा... काजळी वाचायची होती मला. नुसती तोंडाशी असली तर केस नीट बसली. अंगावरून खालपर्यंत ओघळ आला असेल तर मागून जाळ सुटला. एवढंच तर बघायचं होतं... ते तू घासून टाकलंस." मी म्हणलं, अगं पण सैफबाबाला काही झालं नाही. ती म्हणाली, थोडा सुटला तर ह्या वेळी काही होत नाही, पुढच्या वेळी होतं. मी आठवायला लागलो, ओघळ होता का? काळी होती एवढंच आठवलं. कुठे काळी, किती काळी... चिंचेबरोबर सगळं मोरीत गेलं होतं. तिने चमच्याने केस वाजवली. आवाज छान निघून गेला. चिरलेली नाही. पण ते अर्धंच उत्तर होतं, आणि आम्हा तिघांनाही ते कळत होतं.

तिने चमचा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "आवाज कर."

मी म्हणलं, मावशी, हॉस्पिटल आहे. ती म्हणाली, तुझ्या तोंडावर माझा विश्वास नाही, कानावर आहे. जसं ऐकलंस तसं सगळं कर, काही गाळू नको, काही घालू नको. मी हळू आवाजात करून बघितलं. तिने मान हलवली, हा बार नाही, ही उचकी. अप्पांकडे बघितलं. अप्पा उठले, पडदा ओढून घेतला, आणि पाठ फिरवून उभे राहिले. मग मी डोळे मिटले. ढोल थांबवले. कडी बंद केली, टक्. छातीत हवा भरली आणि तो बार काढला, जसा लागला होता तसा, आधी छातीत, मग कानात, मग डोंगरावर. परत आलेलासुद्धा काढला. कडी ओढली. केस दगडावर पाडली, तीन उड्या. डोळे उघडले तर मावशी मान तिरकी करून, समईचा आवाज जाईपर्यंत ऐकायची तशी, अजून ऐकत होती. पडद्यापलीकडे काहीतरी खाली पडलं, कोणीतरी अरबीत अल्लाचं नाव घेतलं, पळत येणाऱ्या चपला वाजल्या.

"टक् आणि बाराच्या मधे फुस्स नाही," ती म्हणाली. "बार झाल्यावरही नाही."

नाही, मी म्हणलं. नव्हतंच.

तिने मूठ मिटली आणि पडदा सरकला. सिस्टर आत आल्या, केरळच्या, उंच, कमरेवर हात. त्यांनी मला जे झापलं ते मी अजून कोणालाही करून दाखवलेलं नाही. शेजारी हार्टचा पेशंट आहे, त्याचं मशीन बघा कसं वाजतंय, तुम पढा-लिखा आदमी है की नहीं, सिक्युरिटी को बुलाती हूँ. मी मावशीकडे बघितलं. वाटलं, सांगेल की मीच करायला लावलं. तिने शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली, चेहरा बिचाऱ्या पेशंटसारखा केला, आणि सिस्टरला म्हणाली, "डाँटो सिस्टर, और डाँटो. सारी कालिख पोंछ के लाया है गधा."

सिस्टरना ह्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी मला त्याबद्दलही झापलं.